हिंगाची धुरी दिलेली बादली

आधीच सांगते – भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे असे अनुभव वाचून खाली खवचट कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी आहे. जर्मनीत न्युरेम्बर्गमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची क्वालिटी तपासते, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

मी घरी बीअर बनवते. त्यासाठी जवळच्या तुर्की दुकानातून ऑलिव्हच्या रिकाम्या बादल्या आणते... पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या, बुडाशी पेला-काट्याचं चिन्ह असलेल्या, म्हणजे खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या. आतून बोट फिरवून ओरखडा नाही ना ते बघायचं, कारण ओरखड्यात जंतू बसतात. मग सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची आणि वास जाईपर्यंत उघडी वाळवायची.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. जमलं तर कायमच्या. पण जमत नव्हतं. "आमची सून घरात दारू गाळते" हे त्या फोनवर साऱ्या नातेवाइकांना सांगायच्या, तेही मला ऐकू जाईल अशा आवाजात. मीही काही ऐकून घेणारी नाही.

एका शनिवारी माल्टचं पाणी उकळून गार केलं, धुतलेली बादली घेतली, झाकण उघडलं, आणि जळक्या हिंगाचा भपकारा आला. लोणच्याच्या बरणीला धुरी देतात ना – निखाऱ्यावर हिंग टाकून वर बरणी पालथी – अगदी तस्सा. आमच्या घरात हा उद्योग करणारी एकच व्यक्ती. मी तोंड सोडलं.

"अगं, प्लास्टिक कोणी निखाऱ्यावर धरतं का? वितळेल ना ते!" सासूबाई कडाडल्या. "आणि तुझ्या या काचेच्या शेगडीवर निखारा आणू कुठून?"

मुद्दा बरोबर होता. बादलीवर डाग नव्हता. साध्या फोडणीलाही बोंबलणारा राउखमेल्डर, धुराचा अलार्म, छतावर गप्प होता. तरी मी माझंच धरून बसले, कारण मला त्याच दोषी हव्या होत्या.

माझा नवरा निखिल मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईच्या लक्षात राहत नाहीये गं. काहीतरी करते आणि विसरते. आल्झो, म्हणजे तिला दिवसभर एकटं ठेवणं रिस्की आहे. पुण्यात एक जागा बघितलीय, अशा लोकांना नीट सांभाळतात. सोमवारी त्यांना होकार कळवतो."

दार उघडंच होतं. सासूबाईंनी ऐकलं. आणि मला... खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी निखिल पोहायला गेल्यावर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "खाली एक बादली आहे ना अजून? ती उघड माझ्यासमोर."

होती. ती मी वर आणलीच नव्हती. तळमजल्यावरच्या वाशक्युशेत, म्हणजे इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत, धुऊन, वाळवून, थेट तळघरातल्या आमच्या केलरमध्ये, सामानाच्या खोलीत, कुलपात ठेवली होती. किल्ली माझ्या पर्समध्ये.

कुलूप जसंच्या तसं होतं. झाकण घट्ट. मी ते उचकटलं आणि आतून धूर आला. खरा, कोमट, हिंगाचा धूर. आत पांढरंशुभ्र प्लास्टिक, दुसरं काहीही नाही. बूड चाचपायला मी हात घातला, तेवढ्यात दुसऱ्या हातातलं झाकण हिसकावलं गेलं आणि माझ्या मनगटावर बसलं. बसलं आणि दाबायला लागलं. वजनाने नाही हो... रागाने. मी किंचाळले. हात निघेना.

"सोड!" सासूबाई कुत्र्यावर खेकसावं तशा खेकसल्या. "सोड म्हणते ना तिला, मेल्या!"

झाकण सुटलं.

झाकण तिथेच टाकून आम्ही दोघी जिना चढलो. मी गप्प राहिले असते तर सोमवारनंतर घर माझं एकटीचं होतं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. मनगट काळंनिळं झालं होतं, त्यावर बर्फ धरून मी निखिलला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पुण्याला नाही म्हणून कळव. आई ठणठणीत आहेत."

"तिथे आणखी कोण होतं?"

"आई."

"गेनाऊ, तेच ना," तो हळूच म्हणाला. इतके दिवस आईंकडे ज्या नजरेने बघायचा, तीच नजर आता माझ्यावर होती. पुण्याचं त्याने तूर्त थांबवलं, आणि डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेतली. माझ्यासाठी.

दोन्ही बादल्या मी फेकून दिल्या. रिकाम्या, कोरड्या बादलीत आंबण्यासारखं काही नव्हतं, तळघरात विस्तव नव्हता. मी अजूनही कारण शोधतेय. सापडलेलं नाही.

टेर्मिनच्या दिवशी आम्ही निघालो तर सासूबाई कोट घालून आधीच गाडीत मागे बसलेल्या.

"आई, तू कशाला?" निखिल म्हणाला.

"मी होते तिथे. डॉक्टरला काय विचारायचंय ते त्याला मला विचारू दे."

रस्ताभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.