हसवणारं बॅसून

नेरुळच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे काका बॅसून वाजवतात. माणसाएवढं लांब लाकडी वाद्य, आवाज घोगरा. फुंकायची रीड भिजावी म्हणून ते ती लिमलेटच्या गोळीसारखी गालात धरून फिरतात. त्यामुळे बोलताना अर्धे शब्द तिथंच अडकतात.

मध्ये त्यांनी आणखी तीन बॅसूनवाले जमवून एक गमतीचा अल्बम काढला. लावणी, कोळीगीतं, अगदी भैरवीसुद्धा, सगळं ढेकर दिल्यासारखं वाजवलेलं. सोसायटी फिदा. गणपतीत फर्माईश, कुणाच्या हळदीत फर्माईश. लिफ्टमध्ये दिसले तरी सेक्रेटरी गाल फुगवून "पों पों" करायचा. काका मान तिरकी करून म्हणायचे, "हसा, हसा. त्याच्यासाठीच आहे ते."

मागच्या महिन्यात काकू गेल्या. तेराव्याला सोसायटीच्या हॉलमध्ये, हार घातलेल्या फोटोसमोर, काकांनी बॅसूनवर काकूंचा आवडता अभंग धरला. पहिलाच खालचा सूर लांबला आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग रुमाल तोंडाशी गेले, खांदे हलायला लागले. सेक्रेटरीचेसुद्धा. एकेकाला उठवून बाहेर काढावं असं वाटलं मला.

काका थांबले. मान तिरकी केली आणि अल्बममधली ती ढेकरांची लावणी सुरू केली. फोटोकडे बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. कुणाला वर बघवेना.

मग रीड काढून खिशात टाकली आणि एकही शब्द न गिळता विचारलं, "का थांबलात? हसा ना."