पाळण्यासाठी केलेली वायरिंग

जीप विकली आणि आमचं गॅरेज रिकामं झालं. बायकोला तिथं लगेच ज्वारीची पोती दिसायला लागली, मला वर्कशॉप. आष्टीच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केलेला माणूस मी, खिळा ठोकायला घेतला की आधी अंगठा ठेचणार. पण लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं, पालीला यायची होती, आणि डोहाळजेवणात जावयासमोर, भरल्या पाहुण्यांत मी बोलून बसलो होतो, "पाळणा विकत आणायचा न्हाई. नातवंडाचा पाळणा मी माझ्या हातानं करणार." आता माघार घेतली असती तर सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कुणी शहाणा असता तर त्यानं आधी लाकूड आणलं असतं. मी आधी वायरिंगचा नकाशा काढायला बसलो. कारकुनाला कागद दिसला की काम झाल्यासारखंच वाटतं. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर सुरुवात केली, मग पत्रिका पुरेना म्हणून जुनं कॅलेंडर उलटं केलं. लाकडावर हाताची सावली पडली तर पटाशी चुकते असं मी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून चारी भिंतींना ट्यूब, छताला एलईडीच्या पट्ट्या, आणि पाळण्याचे गज ज्या लेथवर गोल करायचे तिच्यावर वेगळा दिवा.

बायकोनं कॅलेंडर सरळ धरून बघितलं, उलटं धरून बघितलं.

"कावून एवढे दिवे? नारायणगडाच्या जत्रेत बी नसतात एवढे."

"सावली पडू नये म्हणून."

"पडू द्या की. सावलीनं काय पाळणा मोडतो का?"

असल्या माणसाला काय समजावणार! तिची एकच अट होती. सगळ्याचं मेन बटन दारातच, उंबऱ्याजवळ पाहिजे. "तुमच्या त्या पसाऱ्यात मी पाय ठेवणार न्हाई. तुमी दिवे तसेच ठेवून ओट्यावर गप्पा हाणत बसणार, ते मला बाहेरूनच बंद करता आले पायजेत." मला ते बटन तिथं अजिबात नको होतं, नकाशाची शोभा जात होती. पण जेवण तिच्याच हातचं असल्यामुळं मंजूर केलं.

छताला पंख्याचा हुक होता, स्लॅब टाकताना सोडलेला. तिथं वायर न्यायची की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. पंखा लावला तर भुसा उडणार. हुक तसाच राहिला.

मग मला ती अक्कल सुचली.

आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो. लाईट गेली की तो पडतो, आणि परत आली तरी कुणी हिरवं बटन दाबेपर्यंत मोटार चालू होत नाही. आता लाईट कधी येईल याचा काही भरवसा नाही, म्हणून शेतकरी त्या स्टार्टरला ऑटो जोडतो. ऑटो म्हणजे एक डबडं. लाईट आली की थोडं थांबून ते स्वतःच मोटार चालू करतं. माणूस घरी झोपलेला, आणि तिकडं पाणी पाटाला लागलेलं. आमच्या शेतात ते कित्येक वर्षं आहे, आणि त्याच्याइतकं इमानदार घरात कुणी नाही, मी धरून.

तेच, स्टार्टरसकट, मी लेथला लावायचं ठरवलं. कावून? तर लाईटीचं एक मिनिट वाया जायला नको. लाईट यावी, मशीन सुरू व्हावं, मी ओट्यावरून उठून येईपर्यंत ते तयार असावं. फिरतं मशीन माझी वाट बघत काय करणार होतं, हा प्रश्न मला पडला नाही. वायरमन माझ्याच वयाचा, आसपासच्या शिवारांत ऑटो बसवत फिरणारा. त्यालाही पडला नाही. उलट त्यानं मांडीवर थाप मारली.

"लई भारी डोकं, भाऊसाहेब! आमाला कधी सुचलं न्हाई."

मी दोन दिवस फुगून चालत होतो.

लेक आली तेव्हा पाळण्यातला एक गज लेथवर चढलेला होता, तोही अर्धा. बाकी पाळणा कॅलेंडरवर. दुपारी लाईट गेली. गॅरेजवर लिंबाची सावली असल्यामुळं तिथं घरापेक्षा बरं वाटायचं, म्हणून ती येऊन लेथजवळच्या स्टुलावर टेकली. गाऊनवर ओढणी टाकलेली. मी तिला न लागलेले दिवे दाखवत होतो.

"आबा, पाळणा कुठंय?"

"होईल गं. आधी उजेड नीट पाहिजे."

तेवढ्यात घरातून बायको ओरडली, "आली!" आणि सगळं गॅरेज लख्ख झालं. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "बघ, कुठं सावली दिसती का!"

माझ्या मागं ऑटोनं टक केलं.

ओढणीचं टोक लेथवर पडलेलं होतं. गज फिरला आणि त्यानं ते गुंडाळायला सुरुवात केली. लेक एकदम पुढं ओढली गेली, तिचा एक हात पोटावर, एक लेथच्या टेबलावर. तिनं मान खाली घातली आणि ओढणी डोक्यावरून सुटली. टर्रर्र फाटत गजावर चढली. मी स्टार्टरच्या लाल, बंद करायच्या बटनाकडं धावलो. ते कुठं होतं? लेथच्या पलीकडं, भिंतीवर, बरोबर मधोमध. त्या भिंतीच्या दोन ट्यूबच्या मधे शोभून दिसतं म्हणून मीच ठेवलेलं. तिथं पोचायचं तर त्या फडफडणाऱ्या चिंध्यांवरून हात घालावा लागत होता.

खट्ट झालं. दिवे गेले, लेथ थांबली. घरातून धावत आलेली बायको उंबऱ्यात उभी होती, मेन बटनावर हात.

लेकीला कुठं खरचटलंही नव्हतं. तीच मला धरून बसवत होती. "आबा, मला काय न्हाई झालं. बघा ना, काय न्हाई झालं." मी तिच्या पायाशी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ऑटो मी त्याच दिवशी उपटला. लेथ गोठ्यात नेऊन ताडपत्रीखाली टाकली. पाळण्याचं नाव परत कुणी काढलं नाही. नात झाली, बारशाला शेजारणीचा पाळणा आणला, आणि जावई सभ्य माणूस म्हणून त्यानं फक्त पाळण्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.

उकाडा वाढला तसं पोर घरात झोपेना. एक दिवस बायकोनं स्वतःचं जुनं लुगडं घेतलं, गॅरेजात गेली, स्टुलावर चढली आणि पंख्याच्या त्या हुकाला झोळी बांधली. मला म्हणाली, "ओढून बघा." मी सगळं वजन टाकून लोंबकळलो. हुक हलला नाही.

तेव्हापासून दुपारी झोका द्यायचं काम माझ्याकडं आहे. काल असाच बसलो होतो, दोरी हातात. लाईट गेलेली. पोर झोळीत मूठ तोंडात घालून झोपलेलं. घरातून बायकोचा आवाज आला, "आली!" माझी दोरी धरलेली मूठ आवळली. दारातलं बटन बंद आहे हे मला माहीत होतं, तरी मी लेथच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो.

काहीच चालू झालं नाही.