ठोकळेमास्तरांचं जाड अक्षर

ठोकळेमास्तर स्वतः काडीपैलवान, फुंकर मारली तर उडतील असे. पण त्यांचं अक्षर बघावं! शिरोरेघ तुळईएवढी, काना दाराच्या खांबासारखा, आणि 'ळ'च्या पोटात मोहरी मावेल एवढीच जागा. परतवाड्याहून सागाच्या फळ्या स्वतः आणायचे आणि घरी ओसरीवर बसून छपाईचं एकेक अक्षर कोरायचे. अमरावतीच्या आमच्या छापखान्यात ते जुळारी होते. मी त्यांच्या शेजारीच जुळणी करायचो.

"बैलं पळत असतांनी दमणीतून वाचता आलं पायजे, नाई तं त्याले अक्षर कायले म्हणाचं?" असं म्हणायचे. कुस्त्यांची दंगल, नाटकाचा तंबू, सरकीचा लिलाव, सगळं त्यांच्याच अक्षरात भिंतीवर चढायचं. एका वकिलानं मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी तेच मागितलं, तर म्हणाले, "लगन हाय का दंगल? बारीक टाइप घ्या." वकीलसाहेब फणफणत गेले.

मग चळवळीचे दिवस आले. सरकारविरुद्धच्या सभेचं पत्रक छापायचं ठरलं, तेही मालकांच्याच सांगण्यावरून. खाली छापखान्याचं नाव घालायचं नव्हतं. मी म्हटलं, "मास्तर, साधा टाइप लावा. तुमचं अक्षर पोरंसोरंही ओळखतात."

"एवढी मोठी गोष्ट, अन् बारक्या आवाजात सांगू? काहून?"

झालं! दुसऱ्या दिवशी पोलीस थेट आमच्या दारात. मालकांनी हात वर केले. "आमच्या नकळत केलं हो त्यानं!" मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं स्वतःवर घेतलं. ते तुरुंगात गेले. मालकांनी मात्र साहेबाच्या हातापाया पडून छापखाना वाचवला आणि जप्त झालेली अक्षरंही सोडवून आणली.

सुटल्यावर मास्तर सरळ छापखान्यात आले. नोकरी मागितली नाही. "माहे अक्षरं तेवढे द्या, मालक. लाकूडबी माहंच होतं."

"छापखान्यातली वस्तू छापखान्याची," मालक म्हणाले, आणि वर चहा मागवला. अशी माणसं असतात बाप्पा! मास्तरांनी कपाला हात लावला नाही. अकोल्याला जाऊन एका जिनात कापसाच्या गाठींवर शिक्के मारू लागले. "पुन्हा कोरा ना," म्हटलं, तर म्हणाले, "आता हात नाई वळत, गड्या."

एकदा ते अमरावतीला आले, तेव्हा मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेलो. बाहेरच्या भिंतीवर भलंमोठं पत्रक होतं: डिप्टी कमिशनरसाहेबांचं स्वागत. आमच्या मालकांनी छापलेलं, मास्तरांच्याच अक्षरात. ज्या सरकारनं त्यांना आत टाकलं, त्याच सरकारचं स्वागत! माझ्या तोंडी शिवी आली. मास्तर भिंतीजवळ गेले आणि ओळीवरून बोट फिरवत राहिले.

"'ग' दबून रायला, पाय. शाई धरत नाई. त्याच्या बुडाशी कागदाची घडी घाला म्हणा." त्यांचे डोळे भरून आले होते. "सांगशीन ना त्यायले?"

"सांगतो," म्हटलं.

त्याच वर्षी मास्तर अकोल्यात वारले. मी मालकांना काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्यांच्या प्रत्येक स्वागतातला 'ग' जन्मभर फिकाच उमटो.