बिननाकाची खोली

बोळेमावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी गाल ओला करायची.

नळाखाली दोन बोटं धरायची, उजव्या गालाला पाणी लावायची आणि तो गाल खिडकीच्या चौकटीला, दाराच्या बिजागऱ्यांना, पाइपाभोवतीच्या भोकांना टेकवत फिरायची. कोरड्या गालाला न कळणारा वारा ओल्या गालाला कळतो. सुई टोचल्यासारखं झालं की तिथे खडूनं फुली. मग पिशवीतून चिंध्या काढायच्या, त्यांचे बोळे वळायचे, सुरीच्या पाठीनं फटीत ठासायचे, वरून लांबी, म्हणजे काचा बसवायचा लगदा, फिरवायची. दाराखाली भुसा भरलेली लांबलचक उशी. तिला सगळे अजगर म्हणत. हिवाळा सरेपर्यंत तिचा उजवा गाल फुटून लाल व्हायचा. कुणी विचारलंच तर म्हणायची, "नवरा गेला ते बरं झालं. नाहीतर आळ त्याच्यावर आला असता."

आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. मग शहराला येणारा गॅस आटला. विजेचे भाव असे चढले की मालकाला दिवे लावणं परवडेना, आणि कारखान्याला टाळं लागलं. त्याच सुमाराला पालिकेनं गरीब घरांसाठी योजना काढली. ज्यांना जास्त वीज परवडत नाही त्यांच्या खोल्यांतली आहे ती ऊब तरी बाहेर जाऊ नये, म्हणून फटी बुजवून द्यायच्या, आणि वीजबिलात सवलत द्यायची. कामाला बरेच जण लागले. बरेच जण कंटाळून गेले. मावशी टिकली. चिंध्यांशी तिचं जुनं नातं होतं.

या कामाचा एक नियम होता. खोलीत कोळशाची शेगडी जळत असेल तर सगळं बुजवायचं नाही. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक मोकळं सोडायचं. त्याला म्हणायचं नाक. कोळसा धूर न करताही मारतो. त्याच्या विषाला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती गुंगी येते, आणि ऊब आली म्हणून झोप लागली असं वाटतं.

दुसरा नियम पालिकेच्या कचेरीचा होता. घरात कोळसा जाळताना जो सापडेल त्याची नोंद करायची आणि त्याची सवलत बंद. त्यामुळे शेगडी आहे का असं विचारलं की सगळी गल्ली नाही म्हणायची. मावशी ऐकून घ्यायची आणि कचऱ्याची बादली उघडायची.

"आजोबा, ही राख कसली?"

"सिगारेटची."

"एवढ्या ओढून जिवंत आहात? मग तुम्हाला मरण नाही."

हे आजोबा एकेकाळी गोदामावर पहारेकरी होते. तळमजल्यावर एकटे राहत. मावशीनं त्यांच्या खिडकीला नाक ठेवलं आणि कचेरीत नोंदही केली. आजोबांची सवलत गेली. ते तिला जिन्यात गाठून वाट्टेल ते बोलले. मावशीनं खालमानेनं ऐकलं. चार शिव्या खाल्ल्या, पण एक जीव वाचला, असं तिला मनापासून वाटत होतं.

त्याच इमारतीत, आजोबांच्या बरोबर वरच्या खोलीत तिची ताई राहायची.

ताई म्हणजे नावाला बहीण. आई गेल्यावर तिनंच मावशीला वाढवलं, वेणी घातली, धपाटे घातले. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात कढत पाण्यात हात घालून चादरी पिळल्या. आता त्या हातांना थंडी सोसत नसे. खोली कोपऱ्यावरची, दोन भिंती वाऱ्याच्या तोंडी. आदल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून दूरच्या शहरात राहणारा तिचा मुलगा एकच धोशा लावून होता.

"आई, थंडीपुरती वृद्धाश्रमात राहा. फक्त थंडीपुरती."

"तिथे गेलेलं माणूस उन्हाळ्यात परत येतं का रे?" ताई विचारायची.

शेवटी मावशी मध्ये पडली. मुलानं पलंगाच्या वर भिंतीवर एक तापमापक टांगला. त्याच्यावर हिरवी रेघ होती. काटा रेघेच्या वर राहिला तर आई इथेच राहील. खाली उतरला तर तो येऊन घेऊन जाईल. रोज संध्याकाळी तो फोनवर काटा बघणार होता.

"बाळा, निर्धास्त राहा," मावशी भाच्याला म्हणाली. "तुझ्या आईची खोली मी अशी बांधते की मुंगीला शिंक आली तर बाहेर ऐकू जाणार नाही."

आणि तिनं तशी बांधली. दिवसभर ती त्या एका खोलीत खपली. जाड चिंध्या घरून आणल्या. अजगर शिवला तो ताईच्या जुन्या दुलईचा. ताई पलंगावर बसून सूचना देत होती. पलंगपोस जमिनीपर्यंत लोंबत होता.

"चिमे, तो कोपरा राहिला."

"दिसतोय मला."

"लहानपणीही असंच म्हणायचीस. आणि गळणारं नाक मला पुसावं लागायचं."

मावशी हसली. भांडी हलवून तिनं ओट्यामागची फट बघितली. भांडी लखलखत होती. पातेल्यात तोंड दिसत होतं.

"काय गं, एवढी भांडी घासतेस? कुणाला दाखवायची आहेत?"

"हात गार पडतात. घासत बसलं की ऊब येते."

"हीटर लावतेस ना?" योजनेतून मिळणारा छोटा हीटर मावशीनंच खटपट करून तिला मिळवून दिला होता.

"लावते की."

दाराशेजारी विजेचा मीटर होता. आधी पैसे भरायचे, मग तेवढीच वीज वापरायची, असला. शिल्लक कमी झाली की तो टुकटुक वाजायचा. ताईनं त्याच्यावर रुमाल टाकला होता.

निघताना मावशी दारात थांबली. "ताई, विचारायचं म्हणून विचारते. शेगडी नाही ना?"

ताईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. तो बघण्याचा धाक मावशीच्या हाडीमाशी मुरला होता.

"आता मला विचारणार तू?"

दुसऱ्या कुणाच्या घरी मावशी गुडघ्यावर बसून पलंगाखाली वाकली असती. बादली उपडी केली असती. पण जिनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, तिच्या पलंगाखाली डोकावायचं म्हणजे तिला खोटारडी म्हणायचं. मावशीच्यानं ते झालं नाही.

त्या खोलीला तिनं नाक ठेवलं नाही.

काटा वर राहिला. भाचा खूश झाला. फोनवर म्हणाला, "मावशी, तू जादूगार आहेस." मावशीनं कचेरीत साहेबांनाही सांगितलं. एवढ्याशा हीटरवर कोपऱ्यावरची खोली ऊबदार राहते म्हणजे काम कसं झालं असेल बघा. साहेब म्हणाले, आपण त्या खोलीचा फोटो लावू. ताई संध्याकाळी फोन काट्यासमोर धरायची. गाल गुलाबी दिसायचे. डोकं दुखतं म्हणायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

मग गोठवणारी थंडी आली. नळ फुटले. वीज आळीपाळीनं जायला लागली. एका सकाळी मावशी कामावर जाता जाता ताईकडे दूध द्यायला चढली. दार वाजवलं. हाका मारल्या. तिच्याकडे किल्ली होती. कुलूप उघडलं, पण दार सरकेना. आतून अजगर घट्ट बसला होता. तिनंच तसा शिवला होता. खांद्यानं रेटलं तेव्हा हातभर दार उघडलं.

आतून ऊब आली.

पुढे तिला तेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तिनं बांधलेल्या सगळ्या खोल्यांत ती सगळ्यात ऊबदार होती.

ताई खुर्चीत बसली होती. हनुवटी छातीला टेकलेली. गाल लाल, थंडीतून धावत आलेल्या पोरीसारखे. पायांशी शेगडी. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली होती. काटा हिरव्या रेघेच्या वर होता. हीटर कोपऱ्यात होता. त्याच्या वायरीला कंपनीचं लेबल तसंच लटकत होतं.

मावशीनं खिडकीकडे झेप घेतली. खिडकी उघडेना. लांबी पक्की बसली होती. शेवटी तिनं शेगडीच्या चिमट्यानं काच फोडली. काच फुटल्याचा आवाज ऐकून आजोबा वर आले. मग बाकीचे आले. उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली, त्रास झाला नसावा.

भाचा दुसऱ्या दिवशी पोचला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फुटक्या खिडकीपाशी कोट न काढता उभा राहिला आणि त्यानं एकदाच विचारलं, "मावशी, पण काटा तर वर होता ना?"

"हो बाळा."

"रोज वर होता."

"हो."



खोली आवरताना मावशीला ओट्याखाली पिठाचा डबा सापडला. त्यात राख होती. चाळून घेतलेली, मऊ. तिनं लखलखत्या भांड्यांकडे बघितलं आणि ती खाली बसली. गल्लीभरच्या बादल्यांत राख शोधणारी बाई. ताईनं ती भांड्यांना फासून तिच्या डोळ्यांसमोर मांडली होती, आणि हिनं त्या पातेल्यात आपलं तोंड बघितलं होतं.

मीटरवरचा रुमाल तिनं काढला. आत भरपूर वीज शिल्लक होती. अर्धा हिवाळा पुरली असती.

"मुलगा राहायला येईल तेव्हा हीटर लावीन म्हणायची," दारातून आजोबा म्हणाले. "त्याच्या पोरांना थंडी वाजायला नको. म्हणून साठवत होती."

"तुम्हाला माहीत होतं."

"कोळसा मीच आणून द्यायचो. माझ्या पोत्यातला."

मावशी उठली. आजोबा मागे सरले नाहीत.

"मार हवं तर. ती म्हणाली, चिमीला सांगू नका. कळलं तर ती नाक ठेवेल. नाक ठेवलं की काटा उतरेल. काटा उतरला की मला नेतील. मी म्हटलं, बाई, कोळसा वाईट. तर म्हणाली, आश्रमापेक्षा बरा." ते दाराच्या चौकटीला टेकले. "आणि तू नोंद केली असतीस, ते वेगळंच."

"बहिणीची?"

"माझी केलीस की."



मावशी कचेरीत गेली. साहेबांना म्हणाली, यापुढे प्रत्येक खोलीला नाक ठेवू द्या, विचारायला नको आणि बादल्या उघडायला नकोत. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच दुःख झालं होतं. पण तो म्हणाला, सरसकट भोकं ठेवली तर ऊब कशी टिकेल? योजना कशासाठी आहे? जिथे कोळशाची नोंद आहे तिथे ठेवा.

"नोंद होत नाही, साहेब. नोंद होईल म्हणूनच लोक लपवतात."

साहेबांनी पाणी मागवलं. तिनं प्यायलं नाही. फोटो लावायचा राहिला होता, तेवढंच बरं म्हणायचं.

तेव्हापासून मावशी उलटी फिरू लागली. ज्या घरांत बोळे ठासले होते, तिथे जाऊन वरच्या कोपऱ्यातला एक बोळा उपसायचा. कचेरीला न सांगता. लोक चिडायचे. एका घरात बाळंतिणीनं तिच्या अंगावर झाडू उगारला. "आधी बुजवता, मग उकरता! आम्ही काय उंदीर आहोत?" एकीनं तिच्या देखत भोकात टॉवेल कोंबला. ती पाठ वळवेपर्यंत दम धरणारे सभ्य म्हणायचे.

शेवटी ती आजोबांकडे गेली. त्यांच्या खिडकीच्या नाकात मोजा कोंबलेला होता. तिनं तो ओढून काढला. बर्फासारखा वारा आत आला. आजोबा दोन स्वेटर आणि घोंगडी घेऊन बसले होते.

"बंद कर ते."

"नाही."

"गारठून मेलो तर?"

तिनं मोजा पिशवीत टाकला.

"सांग ना. कोळशानं मेलो तर तुझी चूक. थंडीनं मेलो तर कुणाची?"

मावशीनं छताकडे बघितलं. वरच्या मजल्यावर ताईच्या खिडकीला फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा लावला होता. खोली महिनाअखेरीपर्यंत भाच्याच्या नावावर होती. किल्ली तिच्याकडे होती. ती तडक निघून गेली. आजोबांना वाटलं, रागावली.

थोड्या वेळानं त्यांच्या खिडकीबाहेर एक वायर लोंबत खाली आली. मग मावशी आली. बगलेत ताईचा हीटर होता, लेबलासकट. वायरीचं टोक तिनं त्या भोकातून आत ओढलं आणि हीटर जोडला. वर ताईचा मीटर फिरू लागला असणार. हीटरची तार हळूहळू लाल झाली.

आजोबांनी हात पुढे केले. मग विचारलं, "किती दिवस पुरेल?"

"खोली आहे तोवर. नाहीतर वीज आहे तोवर. जे आधी संपेल ते."

"आणि मग?"

"मग कोळसा जाळा. पण मला सांगा. मी नोंद करणार नाही."

आजोबांनी मान हलवली. ते वायरीकडे बघत होते. भोकात ती एका कडेला पडली होती, आणि बाकीच्या मोकळ्या जागेतून वारा शिट्टी घालत होता.

"आता शेगडी नाही," ते म्हणाले. "वायरीपुरती जागा सोडून बाकीचं बुजवलंस तरी चालेल."

मावशीनं पिशवीत हात घातला. बोळा हाताला लागला. तो ताईच्या दुलईचा होता. तिनं तो परत आत ठेवला.

"पलंगाखाली काय आहे?" तिनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता मावशी गुडघ्यावर बसली.