बोटीवरचं 'भित्रा' पुसणार नाही

माझा भाऊ भित्रा होता. झाईच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. त्याच्या बोटीवर तसं लिहिलंच आहे.

आणि हो, हे टाईप करताना मी रडतोय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या.

दादा तांडेल होता. बोट त्याच्या हातात, आम्ही खलाशी त्याच्या शब्दावर.

चार वर्षांपूर्वी भर समुद्रात वारा फिरला. सगळ्या बोटी एकमेकींकडे बघत होत्या, पण वळत कुणीच नव्हतं. पहिल्या वळणाऱ्याचं नाक कापलं जाणार ना!

दादाने वायरलेस उचलला. ओपन चॅनल, सगळे ऐकतायत.

"वारा बराबर नाय. मना भीती वाटते. मी बोट वळवतो."

मी कुजबुजलो, "दादा, इंजिन गरम झालं म्हणून सांग ना!"

"इंजिन थंड हाय. भीती मना वाटते."

नुसती खरखर. कुणीतरी खो खो हसलं.

मग आमच्या मामाचा आवाज आला. जुना तांडेल, त्याची बोट बाजूलाच होती.

"मना पण वाटते रे. चल."

एकेक करत सगळ्या बोटी वळल्या. सगळे घरी जेवायला पोचले.

आणि बक्षीस काय? 'भित्रा तांडेल'. ग्रुपवर फोटो, जोक्स, सगळं.

दादा चिडला नाही. नारळी पौर्णिमेआधी बोट रंगवताना पेंटरला म्हणाला, "नावाखाली लिव, भित्रा. मोठं लिव."

वहिनी चार दिवस बोलली नाही त्याच्याशी!

दादाला समुद्राने नेलं नाही, तापाने नेलं. आज वर्ष झालं.

दवाखान्यात सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाला, "मना भीती वाटते. जाऊ नको."

मी शेवटपर्यंत हललो नाही. खोटं हसून "काय नाय होत" म्हणाला असता, तर मी चहा प्यायला खाली गेलो असतो.

काल बोटीला नवा रंग द्यायला घेतला. मामा आला.

"गेलेल्या माणसाला शोभत नाय. तेवढा शब्द पूस."

"नाय पुसणार."

"लोक तुला पण तेच बोलतील."

"बोलू दे. मामा, त्या दिवशी 'मना पण' कोण बोललं?"

मामा "मीच" म्हणाला, आणि वाळूत बसून सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. मीही त्याच्या शेजारी बसलो.

शब्द मी स्वतः रंगवला. आधीपेक्षा मोठा.

दादा, पौर्णिमेनंतर बोट मी नेतोय. भीती वाटली तर ओपन चॅनलवर सांगेन.

भित्र्या तांडेलाला त्याच्या भित्र्या भावाचा रामराम.