फोनच्या सांध्यातलं कुंकू

माझा धंदा लोखंडी गेट आणि ग्रिलचा. पिंपळगाव रेणुकाईहून जालन्यात आलो तेव्हा दुसऱ्याच्या वर्कशॉपात ग्राइंडर धरला. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. सांध्यात फट राहिलेलं गेट मी कधी गिऱ्हाइकाच्या दारात उभं केलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे त्या फोनची मला जी किळस आली, तिला कुणी नुसता तापटपणा म्हणणार नाही.

फोन इथल्या मस्तगड भागातल्या एका दुकानातून घेतला. अख्खी बॉडी धातूची, असं दुकानदार कौतुकानं सांगत होता. मी भाव पाडून पाडून त्याला घाम फोडला आणि वर स्क्रीनची काच, कव्हर फुकट मागितलं. त्यानं खोका उघडल्या उघडल्या काच चिकटवली, कव्हर चढवलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी खूश. सळई घेताना एक डोळा मिटून वाक बघणारा माणूस मी, आणि या फोनचं उघडं अंग एकदाही बघितलं नाही.

थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही सगळी अवजारं पुसून मांडतो. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल. ऑर्डरी फोनवरच येतात म्हणून बायकोनं तोही पाटावर ठेवला, कव्हर काढून. ओलं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

संध्याकाळी मी फोन पुसायला घेतला. पाठ स्वच्छ झाली, पण एका कडेला, कॅमेऱ्यापासून बटणापर्यंत, केसासारखी लाल रेघ राहिली. रुमालानं जाईना. नख लावलं तर नख आत गेलं. कडेची धातूची पट्टी पाठीला बसलीच नव्हती. दुसऱ्या कडेला तीच पट्टी इतकी वर आलेली, की तळहाताला ओरखडा यावा. फरशीवर ठेवून बोटानं दाबला तर फोन डुगडुगला. चार्जिंगला लावून कानाशी धरला की गालाला मुंग्या यायच्या, ते मी तोवर माझ्या बीपीवर ढकलत होतो.

दुकानदारानं हात झटकले आणि मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. मला एकच हवं होतं, फोन बदलून. काउंटरवरच्या माणसानं भिंगातून रेघ बघितली आणि तो हसला. आत बाहेरचा पदार्थ गेलाय, वॉरंटीत बसत नाही, म्हणाला.

"काका, फोनला कुंकू कोण लावतं?"

"ज्याच्यावर पोट चालतं त्याला लावतो. फट होती म्हणून कुंकू आत गेलं. कुंकवानं फट पाडली न्हाई."

फट मर्यादेत आहे, असं त्याचं म्हणणं. मर्यादा किती, विचारलं, तर ते कंपनी सांगत नाही. मंग मी कपाटातला त्याच मॉडेलचा नमुना काढायला लावला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. आता बोल म्हणालो. माझा आवाज चढला होता, बाकड्यावरची माणसं वळून बघत होती. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"नवीन कव्हर फ्री देतो, काका. कडा झाकणारं. लावलं की बिलकुल दिसणार न्हाई."

कच्च्या वेल्डिंगवर पुट्टी भरून रंग मारणारे या शहरात मी पुष्कळ बघितले. त्यांच्या वर्कशॉपात मी पाणीसुद्धा पीत नाही. इथं एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस एसीत बसून मला तीच पुट्टी देत होता. आणि पहिलं कव्हर तर मी स्वतःच भांडून मागून घेतलं होतं.

नवं कव्हर मी काउंटरवरच सोडलं. फोन काही बदलून मिळाला नाही. जुनं कव्हरही काढून फेकलं, उघडाच वापरतो. ओळखीचं कुणी नवा फोन घ्यायचं म्हणालं, की माझा पुढं करतो आणि म्हणतो, नख लावून बघा.

यंदा खंडेनवमीला बायकोनं फोनसाठी हात पुढं केला. मी दिला नाही.

"अहो, सगळ्या ऑर्डरी त्याच्यावरच येतात," ती म्हणाली.

"येऊ दे," म्हणालो, आणि त्याच्या जागी पाटावर पक्कड ठेवली.