नमुना गोष्ट आणि आमचे सर

विद्यार्थ्याने गोष्टीत साडेसातची एस.टी. लिहिली, तर ती खरोखर तेव्हा सुटते का हे पाहायला स्टँडवर जाऊन बसणारा प्राध्यापक अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला. नांदेडला विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा वर्ग निघाला तेव्हा शिकवायला आम्ही दोघेच होतो. सर कायमचे, पन्नाशी ओलांडलेले. मी सव्वीस वर्षांचा, तासिकेवरचा. एका मुलीने गोष्टीच्या नायकाला मुदखेडच्या स्टेशनात पूल धावत चढायला लावला आणि वर पोचल्या पोचल्या लांबलचक प्रेमाचं बोलायला लावलं. सर रविवारी मुदखेडला गेले, स्वतः पूल धावत चढले आणि सोमवारी तिला म्हणाले, "बाई, तुमचा नायक बोलला कसा? मला तर पाच मिनिटं शब्द फुटंना." हदगावच्या एका मुलाने आईला ऐन जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, कापूस वेचायला पाठवलं. तो पाचवीपासून लातूरच्या होस्टेलात राहिलेला, त्याला बिचाऱ्याला शेत फक्त सुट्टीत दिसायचं. सर त्याच्या घरी गेले, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि पेरणीपासून वेचणीपर्यंतचं सगळं वहीत उतरवून आणलं. ती वही त्याने वर्षभर पाठ केली, ही गोष्ट वेगळी.

हजेरी घ्यायची त्यांची तऱ्हाही अशीच. "हजर सर" म्हटलेलं चालायचं नाही, त्या दिवशी सकाळी पाहिलेली एक गोष्ट सांगावी लागायची. एकदा एकजण प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, आज कायच दिसलं न्हाई." सरांनी शांतपणे त्याची गैरहजेरी मांडली. लातूरला गेले की क्लासेसचे फलक ते देवदर्शनाला उभं राहावं तसे बघत उभे राहत. गुणवंतांचे फोटो एकेक करून न्याहाळून झाले की मला विचारत, "यातल्या एका बी लेकराला फोटोग्राफरनं हसवलं न्हाई का हो?" मी स्वतः त्या फलकावर एके काळी होतो, आणि हसलो नव्हतो. मला ते लाडाने 'लातूरवाले' म्हणत. माझं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात आमचं घर गेलं आणि थोरली बहीण, आक्का, गेली. एवढंच मी त्यांना एकदा चहा पिताना सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी वरून सांगणं आलं की वर्गातली निम्मी मुलं तरी पास व्हायला हवीत, नाहीतर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे माझी नोकरीही बंद. मुलं अठरा. सरांच्या परीक्षेत नऊ पास होणं कठीण, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग मी लातूरच्या माणसाला सुचणारी गोष्ट केली. सरांना न सांगता भूकंपावर एक नमुना गोष्ट लिहिली आणि "अशी काहीतरी रचना ठेवा" म्हणून मुलांना वाटली. चार दिवसांत ती झेरॉक्सच्या दुकानात 'अतिसंभाव्य' असा शिक्का घेऊन टांगलेली दिसली. मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

परीक्षा झाल्यावर तीन दिवसांनी सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीवर आले. पाणी घेतलं नाही, बसलेही नाहीत.

"लातूरवाले, तुमचं घर अठरा वेळा पडलं."

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत.

"अठरा वेळा वाचलं मी. दर खेपेला वडील ढिगारा उपसून राहिले, दर खेपेला आई देवाला हाका मारून राहिली. तुमची आक्का एकदाबी आली न्हाई. का हो?"

"नमुन्यात बसत नव्हतं, सर."

त्यांनी गठ्ठा काखेत मारला. मग म्हणाले, "परीक्षा पुन्हा घिऊ. तुम्ही बी बसायचं."

आणि त्यांनी खरोखर अठरा मुलांना आणि मला बसमध्ये घालून अहमदपूरच्या स्टँडवर नेलं. दोन तास दिले. समोर दिसतंय तिथून सुरुवात करायची आणि आजवर कुणाला सांगितलं नाही त्यापाशी थांबायचं, एवढाच प्रश्न. मुलं बाकांवर, पायऱ्यांवर पांगली. चौकशीच्या खिडकीतल्या बाबूला वाटलं, महामंडळाच्या तक्रारी लिहून घेताहेत, तो सगळ्यांशी एकदम गोड बोलायला लागला. माझ्यासमोर उदगीरच्या गाडीत दोन भावंडं खिडकीच्या जागेसाठी भांडत होती.

मी तिथून सुरुवात केली. गणपती बुडवून आल्यावर, भूकंपाच्या त्या रात्री, दाराजवळ कोण झोपणार यावरून आक्काचं आणि माझं भांडण झालं होतं. मी रडायला लागलो. "घे बाबा, झोप," म्हणून ती आपलं अंथरूण उचलून आत भिंतीकडे गेली. दार राहिलं, भिंत राहिली नाही. ही गोष्ट मी आईलासुद्धा कधी सांगितली नव्हती. त्या बाकावर लिहिताना मला लाज वाटत होती, अठरा मुलांना फुकटचं रडणं वाटून दिलं त्याची जास्त.

सात मुलं पास झाली. आणखी दोघांना वर ढकला म्हणून सरांना सगळ्यांनी विनवलं, मीही. सर म्हणाले, "त्या दोघांना पुढल्या वर्षी लिहिता यील. आज खोटं सांगू का त्यांना?" पुढलं वर्ष आलंच नाही, वर्ग बंद झाला. मी सरांवर भयंकर चिडलो, त्यांना न भेटता लातूरला परतलो आणि एका क्लासमध्ये निबंध शिकवायला लागलो. तिथे बरं चाललं आहे. मुलं हुशार आहेत, आणि हजेरीला एखादी पाहिलेली गोष्ट विचारली की गोंधळतात.

माझी उत्तरपत्रिका सरांनी टपालाने पाठवली होती. रागात मी पाकीट उघडलंच नाही. दोन वर्षांपूर्वी सर गेल्याचं कळलं तेव्हा उघडलं. गुण दिलेले नव्हते. शेवटच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात एकच शेरा होता: "त्या रात्री रडणाऱ्या मुलाचं वय लिहायचं राहिलं आहे. ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल."

मी पेन काढलं. मग शेऱ्याखाली लिहिलं, नऊ वर्षं. ते सरांना दाखवायचं राहून गेलं.